खाद्यव्यवसायाचे परवाने : आधी जागा, मग कागद, मग भट्टी

हाताला चव आहे, मेहनतीची तयारी आहे, थोडेफार भांडवलही जमले आहे. मग उशीर कशाला, असा विचार करून आपले अनेक तरुण बिर्याणीचे, कबाबाचे किंवा बेकरीचे दुकान थाटतात. परवान्याचे पुढे बघू, असे म्हणतात. आमच्या परिचयातील एक तरुण आठ वर्षे आखातात नोकरी करून कोकणात परतला. तालुक्याच्या गावी त्याने रस्त्यालगतचा गाळा घेतला. दीड लाख रुपये अनामत दिली, तंदूर बसविला, टेबल-खुर्च्या आणल्या. नंतर तो नगरपालिकेत परवान्यासाठी गेला. तेथे कळले की कागदोपत्री ती जागा राहण्यासाठी मंजूर आहे. खानावळीची परवानगी मिळाली नाही. तंदूर निम्म्या किमतीत विकावा लागला आणि अनामत परत मिळविण्यात वर्ष गेले.

या तरुणाने लबाडी केली नव्हती. त्याचा क्रम चुकला होता. म्हणून आजच्या पाठात कोणते कागद लागतात यापेक्षा ते कोणत्या क्रमाने मिळवावेत, याचा विचार आपण करू.

पहिली पायरी : जागेची चौकशी

अनामत देण्यापूर्वी जागामालकाकडून तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. मालमत्ता कराच्या पावतीवर जागेचा वापर काय लिहिला आहे? इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे काय? इमारत सोसायटीची असल्यास सोसायटीचा विरोध तर नाही ना? खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पाहावा. चौकशी तोंडी करून भागत नाही. ज्या कार्यालयातून पुढे परवाना घ्यावयाचा आहे, तेथेच जाऊन ‘या जागेत खानावळ चालेल काय’ असे आधी विचारावे. या चौकशीला एक दिवस लागतो, पण दीड लाख वाचतात.

भाडेकराराबाबत आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. मुद्रांकावर अकरा महिन्यांचा मजकूर लिहून सह्या केल्या की काम झाले, असे समजतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. परवान्याच्या अर्जाला असाच करार जोडावा. अनामतीची रक्कम आणि ‘परवानगी न मिळाल्यास अनामत परत’ हे कलम त्यात लिहून घ्यावे. वरील तरुणाच्या करारात ही एक ओळ असती, तर त्याचे वर्ष वाया गेले नसते.

दुसरी पायरी : अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना

पूर्वी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची देशभर अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्याखाली हातगाडीवाल्यापासून कारखानदारापर्यंत प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. आपल्या राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते.

लहान व्यावसायिकाला नोंदणी आणि मोठ्याला परवाना, अशी विभागणी वार्षिक उलाढालीवर होते. २०११ च्या विनियमांत नोंदणीसाठी १२ लाखांची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरविण्यात आले. मर्यादा व शुल्क वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी ‘फॉस्कॉस’ या सरकारी संकेतस्थळावर दिसेल तोच आकडा प्रमाण मानावा. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री होय. रोज चार हजारांचा गल्ला असला, तर वर्षाची उलाढाल साडेचौदा लाखांच्या पुढे जाते. हा हिशेब न करता अर्ज भरणारे पुष्कळ आहेत.

नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो दुकानात दर्शनी भागी लावावा लागतो व १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. एका जागेचा क्रमांक दुसऱ्या जागेला चालत नाही. प्रत्येक शाखेसाठी वेगळा अर्ज करावा.

अधिकारी तपासणीला आले की घाबरण्याचे कारण नाही. ते पाणी पिण्यायोग्य आहे का, कच्चे मांस आणि शिजलेले अन्न वेगळे ठेवले जाते का, कचऱ्याला झाकण आहे का, कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली आहे का, हे पाहतात. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा वापरण्यावर १ जुलै २०१८ पासून मर्यादा आहे. वर्तमानपत्रात समोसे बांधून देण्यासही मनाई आहे. मांस परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे व त्याच्या पावत्या जपाव्यात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हलाल प्रमाणपत्र खाजगी संस्था देतात. ते असले तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच, आणि ही नोंदणी असली म्हणजे पदार्थ हलाल ठरतो असेही नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत.

तिसरी पायरी : स्थानिक संस्था, गॅस आणि आग

अन्न सुरक्षेचा क्रमांक म्हणजे जागेची परवानगी नव्हे. महापालिका किंवा नगरपालिकेचा आरोग्य परवाना वेगळा असतो. मुंबईत तो १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खाली मिळतो. बसून खाण्याची सोय असेल, तर अग्निशमन दलाच्या अटींची चौकशी आधीच करावी. धुराड्याची उंची आणि बाहेर पडण्याचा मार्ग नंतर बदलणे महागात पडते.

दुकानात घरगुती लाल सिलिंडर वापरणे बेकायदा आहे. १९ किलोचा व्यापारी सिलिंडर स्वतःच्या दुकानाच्या नावावर घ्यावा. बेकरी काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश दिले. मुंबईत नवी भट्टी बांधताना जुन्या पद्धतीची बांधणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

चौथी पायरी : उरलेले कागद

२०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने लहान दुकानांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची सवलत दिली. ही सूचना ऑनलाइन देता येते. जुलै २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. खानावळीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली, तर जीएसटीची नोंदणी लागते. किलोवर विक्री असेल, तर वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा. पाकीटबंद मसाला किंवा नानखटाई विकणाऱ्यांनी पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख, किंमत, घटक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह छापावे.

घरून ऑर्डर घेणाऱ्या भगिनींनाही नोंदणी लागते. ती घरच्या पत्त्यावर मिळू शकते. ‘आम्ही घरीच तर करतो’ ही सबब कायद्यात चालत नाही. उलट नोंदणी असली की कार्यालये व दुकानदार माल घेण्यास तयार होतात.

दलालाविषयी

शंभर-दोनशे रुपयांच्या कामाला हजारो रुपये देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. पैसे जातात ते जातातच, त्याहून मोठे नुकसान पुढे होते. दलाल अर्जात आपला मोबाइल क्रमांक व ई-मेल घालतो. नोटीस त्याच्याकडे जाते आणि दुकानदाराला पत्ताच लागत नाही. मदत जरूर घ्यावी, पण अर्जात क्रमांक आपलाच असावा, पासवर्ड आपल्याकडे असावा आणि शुल्काची पावती आपल्या हाती असावी. २०११ च्या विनियमांत नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय किंवा तपासणीची सूचना देण्याची मुदत ठरविलेली आहे. अर्जाचा क्रमांक आपल्याजवळ असेल तरच या मुदतीचा आधार घेऊन विचारणा करता येते.

ज्यांच्या मनात यंदा दुकान काढण्याचा विचार आहे, त्यांनी या आठवड्यात एकच काम करावे. भांडी-तंदुराचा भाव काढण्याआधी मनातल्या जागेची कराची पावती मिळवावी आणि ती घेऊन पालिकेत जावे. तेथे होकार मिळाला, तरच अनामतीचे बोलणे करावे.