एनसीव्हीला जाताय? हातपाय गरम ठेवा

हाताला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी ‘एनसीव्ही-ईएमजी’ लिहून दिलीय, म्हणजे नसांचा वेग आणि स्नायूंचं काम तपासणारी चाचणी. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, सांगितलेला दर किती अवयवांचा? बहुधा तो दोन हातांचा किंवा दोन पायांचाच असतो. खासगी केंद्रात साधारण दीड-दोन हजारांपासून सुरुवात. चारही अवयव केले की तीन ते पाच हजार. सुईची ईएमजी बहुतेकदा वेगळी, मायस्थेनिया या स्नायू थकवणाऱ्या आजारासाठीची आरएनएस (नसेला वारंवार झटके देऊन केलेली चाचणी) हीसुद्धा वेगळी. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात खर्च बराच कमी, पण तारीख उशिराची. मेडिक्लेमवर विसंबू नका. अॅडमिट न होता केलेली चाचणी अनेक पॉलिसींत बसत नाही.

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, औषधांची यादी. तास-दीड तास हाताशी ठेवा. तेल, क्रीम लावू नका. अंगठ्या, बांगड्या घरीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

आता रिसेप्शनवर सहसा कुणी सांगत नाही ते. थंड हातावर ही चाचणी फसते. तापमान एक अंश सेल्सियसने उतरलं की नसेचा वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने घटतो. निरोगी हाताच्या नसेचा वेग साधारण 50 मीटरच्या वर असतो. हात पाच अंश थंड असेल तर दहाएक मीटर नुसते गारठ्यानेच गेले! धडधाकट नस ‘दबलेली’ दिसते; मग गोळ्या, पुन्हा चाचणी, एखाद्या वेळी कार्पल टनलच्या (मनगटात दबलेल्या नसेच्या) ऑपरेशनचा सल्लासुद्धा. मायस्थेनियात उलटं: थंड स्नायूत आजार लपू शकतो आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

म्हणून त्वचेचं तापमान हाताला निदान 32 आणि पायाला 30 अंश हवं. जानेवारीच्या सकाळी दुचाकीवरून उघड्या हातांनी जाऊ नका. मोजे, पूर्ण बाह्या घाला. अर्धा तास आधी पोहोचा. एसी अंगावर येत असेल तर बंद करायला सांगा, संकोच कसला? मधुमेहाने पाय बधिर असतील तर मात्र घरून गरम पिशवीने शेकून निघू नका, भाजलेलं कळणार नाही.

तंत्रज्ञाला विचारा, ‘तापमान मोजणार ना?’ कमी निघालं तर कोमट पाण्याने किंवा हीटिंग पॅडने अवयव गरम करून घ्यायला हवा. ‘आकडा नंतर सूत्राने दुरुस्त करू’ हा शॉर्टकट. आजारी नसेला ते सूत्र लागू पडेलच असं नाही.

रिपोर्टवर तापमान लिहिलंय का पाहा. नसेल तर काउंटर सोडण्याआधी लिहून मागा.