अलोऱ्यात चित्रप्रदर्शन भरवायचं, तर पैसे कुठे जातात?

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत दालन मिळवायचं तर निवड समितीतून पार पडून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमुळे आपल्या चिपळूण तालुक्यात हाताला वळण असलेली मुलं भरपूर आहेत. त्यांची चित्रं आधी इथल्याच माणसांनी का पाहू नयेत? शाळेचं सभागृह, समाजमंदिर, वाचनालयाची खोली, काहीही चालतं. खर्चाचा हिशेब मात्र जागा ठरवण्याआधी मांडावा, कारण बहुतेकांचा अंदाज जागेच्या भाड्यापाशी थांबतो आणि खरा खर्च फ्रेमिंगमध्ये होतो.

चार-पाच जणांनी मिळून वीस जलरंग चित्रं लावायची आहेत असं धरू. पाव इंपिरियल कागद म्हणजे ११ बाय १५ इंच. चारही बाजूंनी दोन इंच माउंट घेतला की माप १५ बाय १९ होतं. परिमिती ६८ इंच. एक इंच रुंदीची पट्टी घेतली तर कोपरे तिरके कापण्यात आणखी ८ इंच जातात. म्हणजे एका फ्रेमला ७६ इंच, सव्वासहा फुटांहून थोडी जास्त पट्टी. वीस फ्रेमना साधारण १२७ फूट. फुटाला ६० रुपये दर धरला तर नुसत्या पट्टीचे ७,६०० रुपये झाले. काच, माउंट, पाठीमागचा बोर्ड, हुक आणि मजुरी वेगळी. म्हणून फ्रेमवाल्याला ‘एका फ्रेमचे किती?’ एवढंच विचारू नका. पट्टीचा दर फुटावर की इंचावर, काच धरून की सोडून, हे विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. दर दोन-तीन दुकानांत पाहावा. त्यात फरक बराच पडतो.

माझा आग्रह एकच आहे: सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या करा आणि पाठीमागचा बोर्ड खिळ्यांऐवजी फिरत्या क्लिपांनी बसवून घ्या. चित्र विकलं गेलं तर फ्रेमसकट द्या, उरलेल्या फ्रेममध्ये पुढच्या वर्षी नवी चित्रं घाला. पहिल्या वर्षी जड वाटणारा खर्च दुसऱ्या वर्षी जवळपास उरत नाही. उद्घाटनाच्या शाल-श्रीफळावर आणि रस्त्यावरच्या मोठ्या फ्लेक्सवर जाणारे पैसे इथे वळवावेत, असं मला मनापासून वाटतं.

जागा ठरवताना भाड्याबरोबर वीज, सफाई, अनामत, मांडणीचा आदला दिवस आणि उतरवण्याचा दिवस भाड्यात धरलाय का, हे विचारून घ्या. शाळेच्या भिंतीला खिळा मारू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग मांडववाल्याकडून पाइपच्या चौकटी आणि कापड घ्यावं लागतं. त्याचं भाडं दिवसावर असेल तर मांडणीचा दिवसही मोजला जातो. चित्राचा मध्य जमिनीपासून पाचेक फुटांवर आला की मान न वाकवता पाहता येतं.

चिपळूणहून अलोऱ्यापर्यंत वीसेक किलोमीटरचा रस्ता. टेम्पो ठरवताना थांबण्याचे आणि परतीचे पैसे आधीच बोलून घ्या. काचेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारा, म्हणजे काच तडकलीच तरी तुकडे चित्रावर सांडत नाहीत.

तारीख शिमग्याची किंवा मे महिन्याची धरा. चाकरमानी घरी असतात, आणि चित्र विकत घेणारं गिऱ्हाईक बरंचसं त्यांच्यातच असतं. गणपतीत माणसं असतात, पण दमट हवेत कागद फुगतो, बुरशी धरतो.

विक्रीतला वाटा हा भांडणाचा मुद्दा. व्यावसायिक कलादालनं किमतीचा तिसरा हिस्सा, कधी निम्माही घेतात. गावच्या संस्थेने एवढं घेऊ नये. समजा चित्र ३,००० चं, फ्रेम ८०० ची, संस्थेचा वाटा २० टक्के. पूर्ण किमतीवर वाटा ६०० होतो आणि चित्रकाराला १,६०० उरतात. फ्रेमचे पैसे आधी वजा करून २,२०० वर वाटा काढला तर तो ४४० होतो, चित्रकाराला १,७६० मिळतात. दुसरी रीत न्याय्य आहे. फ्रेमवर कुणी कमिशन का द्यावं?

चित्र विकत घेणाऱ्यांनी आधी विचारावं: हे मूळ चित्र आहे की छापील प्रत? पावतीवर चित्रकाराचं नाव, माध्यम, माप, वर्ष आणि किंमत हवी. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही; नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला बिलात जीएसटी आकारता येत नाही. एरवी चित्र तुमचं झालं तरी त्याचे कॉपीराइट हक्क चित्रकाराकडेच राहतात, त्यामुळे न विचारता ते कॅलेंडरवर छापू नका. पैसे देऊन खास काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचं तसं नसतं. वेगळा करार नसेल तर तिथे कायदा काढून घेणाऱ्याला पहिला मालक मानतो. फसवणूक झाली आणि विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

घरी नेल्यावर पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे पातळ तुकडे चिकटवा. भिंत आणि बोर्ड यांच्यामधून हवा खेळली की ओल आत उतरत नाही. हे तुकडे फ्रेमवाल्याकडूनच लावून घेता आले तर उत्तम.