दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संगणकीय पाठ

संगणकावर तयार केलेला पाठ डोळ्यांना सुबक दिसला म्हणजे तो दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेलच, असे नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीएसारखी विनामूल्य आज्ञावली अक्षराचा आकार पाहत नाही. त्यामागील संकेतांक वाचते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला मराठी पाठ कागदावर शुद्ध उमटतो. परंतु त्याचे संकेतांक मूळचे रोमन अक्षरांचे व चिन्हांचे असल्याने विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक ध्वनीच पडतात. पानाचे नुसते छायाचित्र असेल, तर बहुधा तेही नाहीत. यास्तव पाठ युनिकोडमध्येच लिहावा.

शीर्षकाचीही हीच गत. अक्षरे ठळक व मोठी केली की डोळस वाचकास नवा धडा कळतो. यंत्राला ती केवळ आणखी एक ओळ. लेखनाच्या आज्ञावलीतील शीर्षकशैली लावल्यास विद्यार्थी एका कळीने धड्यामागून धडा ओलांडतो; एरवी पाचवा धडा शोधताना मागील चारांतून त्याला चाचपडत जावे लागते.

‘आकृती पाहा’ एवढेच लिहून थांबणे तर त्याला वर्गाबाहेर बसविण्यासारखेच. नकाशासोबत कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते व आग्नेयेस वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते, हे शब्दांत द्यावे.