डब्यावरचा ताल



बैठकीत बचतीचा हिशोब सुरू झाला की एखादं पोरगं डब्यावर चमचा आपटतं आणि आपण "ए, गप बस" म्हणतो. मीसुद्धा म्हणायचे. मागे एका बैठकीत डबा काढून न घेता मुलांना ठेका शिकवला. शाळेत तोंड न उघडणारी एक मुलगी सगळ्यांच्या आधी ठेक्यात आली. तिला बोलायचं नव्हतं, फक्त साथ द्यायची होती. म्हणून या वेळचा धडा तालाचा.

देवीच्या गोंधळातला संबळ आठवा. जोडीतल्या मोठ्याचा आवाज जाड, लहानाचा बारीक. मुलांना आधी हा फरक कळू द्या. पश्चिम आफ्रिकेतला जेंबे ढोल हातानं वाजवतात, मध्ये जाड आणि कडेला बारीक. पेरू देशात गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी लाकडी खोक्यांवर ताल धरला, त्यातूनच काहोन हे वाद्य आलं. म्हणजे ताल शिकायला महागडं वाद्य लागत नाही.

घरातलं साहित्य
• जाड आवाज : द्राक्षाचं रिकामं खोकं, उपडं ठेवून
• बारीक आवाज : वाटी-चमचा
• खुळखुळा : छोट्या बाटलीत मूठभर नागली किंवा हरभरे. नागलीचा आवाज मऊ, हरभऱ्याचा खणखणीत.

झाकणावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. दाणा नाकात-घशात जाऊ शकतो, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांना खुळखुळा देऊ नका. त्यांना टाळ्याच वाजवू द्या.

कसं शिकवायचं?
१. आधी नुसतं अंग. 1 ला टाळी. 2, 3, 4 ला मांडीवर थाप. सावकाश.
२. मग तोंडानं केरवा म्हणा : धा गे ना ती, न क धी न. मात्रा 8. "धा"वर टाळी.
३. आता वाद्यं. "धा"ला खोकं, "न"ला वाटी. खुळखुळा प्रत्येक मात्रेला.
४. ताईंनी हात वर केला की सगळे गप्प. थांबणं हाही तालच आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबायला मूल इथंच शिकतं.

चुकलं तर ओरडू नका, पुन्हा 1 पासून सुरू करा. खोकं मुलग्यांकडे आणि वाटी मुलींकडे, अशी वाटणी नको. दर वेळी अदलाबदल करा.

पुढच्या बैठकीत हिशोब मिटला की शेवटची पंधरा मिनिटं मुलांना द्या. आणि ताईंनो, तुम्हीही वाजवा.