मिरची ओली विकण्याआधी

मिरची दळायचं यंत्र घेऊ का, असं तू विचारलंस. घे, पण यंदा नको. आधी माझं सगळं ऐकून घे.

सारंगखेड्याकडची ओली लाल मिरची टेम्पोत भरून नंदुरबारला जाते. तिथली मिरचीची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारांत मोजली जाते. व्यापारी ती मिरची मोकळ्या जागेत पथारीवर वाळत घालतात. बाया ओळीनं बसून देठ खुडतात, डागी माल बाजूला काढतात, पोती भरतात. मग तीच मिरची मसाल्याच्या कारखान्यांकडे वेगळ्या भावानं जाते. शेतमालाची किंमत वाढवा, प्रक्रिया उद्योग काढा, असं सगळे भाषणांत सांगतात. अगं, ती किंमत आपल्याच बायका हातानं वाढवत आल्यात, पण दुसऱ्याच्या मालावर आणि रोजानं. मला हे फार लागतं. म्हणून तू यंत्राऐवजी पथारीपासून सुरुवात कर, स्वतःच्या मिरचीच्या पथारीपासून.

सगळी मिरची मात्र वाळवू नकोस. व्यापारी ओला माल घेतो तेव्हा पावसाची जोखीमही घेतो. अवकाळी आला की पथारीवरची लाल मिरची काळी पडते, तिला बुरशी लागते, आणि हे आपल्याकडे कितीदा घडलंय ते तू पाहिलंयस. एक तोडा मागे ठेव, बाकीचा बाजारात जाऊ दे. त्या पैशावर घर चालेल, आणि राहिलेल्या मिरचीवर तुला शिकता येईल.

तोडलेली मिरची एक-दोन दिवस सावलीत ढीग करून ठेव, म्हणजे अर्धवट पिकलेलीही सारखी लाल होते. मग ताडपत्रीवर पातळ पसर. मातीवर नको, खडे आणि बुरशी दोन्ही तिथूनच येतात. दिवसातून दोन-तीनदा हलव, संध्याकाळी गोळा करून झाक, दवात राहू देऊ नकोस. कानाशी धरून हलवलीस आणि आत बी वाजलं, की ती वाळत आली. नरम मिरची पोत्यात भरलीस तर आत जी बुरशी वाढते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि ते दळल्यानं किंवा शिजवल्यानं जात नाही. बाहेरदेशी गेलेला माल परत येतो तो बऱ्याचदा यामुळेच. रंगाचंही तसंच. २००३ साली भारतातून गेलेल्या तिखटात युरोपात सुदान नावाचा रंग सापडला, आणि तेव्हापासून तिकडे आपल्या तिखटाकडे संशयानं बघायला लागले. तुझं तिखट थोडं फिकं दिसलं तरी चालेल, त्यात दुसरं काही घालू नकोस.

आता हिशेब. साधारण चार किलो ओल्या मिरचीला एक किलो सुकी उतरते, कधी त्याहूनही कमी. म्हणजे ओल्याचा भाव चारनं गुणून बघ. त्यात ताडपत्री, खुडणीची मजुरी, दळणाची घट आणि तुझा स्वतःचा रोज धर. "मी घरचीच आहे" म्हणून तो सोडलास तर नफा आहे की नाही ते तुला कधीच कळणार नाही. एखाद्या वर्षी ओली विकणंच फायद्याचं निघेल, तेव्हा खुशाल ओली विक.

सुकी मिरची आख्खीच ठेव आणि लागेल तशी गावातल्या कांडपावर दळून आण, कारण दळलेल्या तिखटाचा रंग नि वास लवकर उडतो. आणि गिऱ्हाईक शोधायला तुला कुठं जायचं नाही! दत्तजयंतीला तुझ्या दारात सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजारासाठी कुठून कुठून माणसं येतात, आणि नेमका तोच मिरचीचा हंगाम. पाव-पाव किलोची पाकिटं कर. वजन, तारीख, अन्नपरवान्याचा क्रमांक त्यावर असू दे. कोण परत मागतंय ते वहीत लिही.

मागणी टिकली तर मग यंत्र. २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलंय, बचत गटातल्या बाईला खेळतं भांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत. सध्या अर्ज घेतात का, ते कृषी कार्यालयात विचार. पण नीट समजून घे, यंत्राचं अनुदान रोख हाती येत नाही, ते कर्जाला जोडलेलं असतं. हप्ता तुलाच भरायचाय.

मिरचीसारखं पपईचं काही करू का म्हणशील, तर शहाद्याकडे दर हंगामात भावावरून शेतकरी-व्यापाऱ्यांची ओढाताण होते, कारण पिकलेली पपई थांबत नाही. कच्च्या पपईची टुटीफ्रुटी होते खरी, पण ते कारखान्याचं काम, गटानं किंवा शेतकरी कंपनीनं करायचं.

आपल्या जिल्ह्यात प्रक्रियेचं काम जमत नाही असं म्हणू नकोस. धडगाव-अक्कलकुव्याकडे कैऱ्या सोलून आमचूर घरोघरी वाळवतात. नवापूरला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तूरडाळीला, म्हणजे भरडून डाळ झालेल्या मालाला.

आणखी एक. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, असू दे. अन्नपरवाना आणि बँकेतलं खातं मात्र तुझ्या नावानं काढ. परवान्याला शेतीचा सातबारा लागत नाही, आधार आणि फोटो घेऊन जा. ताडपत्री घ्यायच्या आधी हे उरकून टाक.