आधी दंड धू, मग सेन्सर लाव

अगं, साखर मोजणारा तुझा लिब्रे सेन्सर मुदतीआधीच निघाला म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नकोस. चौदा दिवसांची महागडी वस्तू अशी हातात आली की जीव हळहळतो, ते खरंच. पण आंघोळ करून, बॉडी लोशन चोपडून लगेच लावलास ना? तेलकट कपाळावर टिकली टिकते का कधी?

पुढच्या वेळी दंडाची मागची बाजू साध्या साबणाने धू. मॉइश्चरायझरवाला साबण त्या दिवशी नको. लव दाट असेल तर रेझर आदल्या दिवशीच फिरव, नाहीतर ताज्या त्वचेवर स्पिरिट झोंबतं. मग स्पिरिटचा स्वॅब, आणि ते वाळेपर्यंत पंख्याखाली शांत बसायचं. पावसाळ्यात तर जास्तच वेळ, कारण आपल्याकडच्या दमट हवेत पुसलेला दंड पुन्हा ओलसर होतो. सगळी घाई इथेच होते, आणि नंतर दोष गोंदाला! लावल्यावर कडेकडेने बोट फिरवत नीट दाब. हा गोंद दाबाने आणि अंगाच्या उबेने हळूहळू पकड घेतो, म्हणून पहिल्या दिवशी जिम नको.

जागा निवडताना तुझे ब्लाऊज आठव. बाहीची शिवण जिथे घासते, तिथे लावू नकोस. ब्लाऊज काढताना आतून बोट घालून बाही सेन्सरवरून उचलून घे. बरेच सेन्सर तिथेच उपटतात. पर्स दुसऱ्या खांद्यावर. आणि ज्या कुशीवर झोपतेस, तो दंड नको. दाबाखाली रीडिंग खोटंच खाली जातं आणि रात्री उगाच अलार्म वाजतो.

वरून पट्टी लावायची तर मधे भोक असलेली घे. लिब्रेच्या मधोमध बारीक छिद्र असतं, ते झाकायचं नाही. पट्टीचे कोपरे गोल काप. कड सुटली तर ओढू नकोस, सुटलेलं तेवढंच कात्रीने छाट. पण अख्खा सेन्सरच उचलला गेला, तर दाबून परत बसवायचा नाही. आत जेमतेम ५ मिलिमीटरची केसासारखी तार असते, ती बाहेर आली की संपलं. तो सेन्सर आणि खोका फेकू नकोस. सीरियल नंबर घेऊन कंपनीच्या हेल्पलाइनला फोन कर, बदलून मिळतो का विचार.

आंघोळीला हरकत नाही. लिब्रे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं चालतो. टॉवेलने मात्र खसाखसा पुसू नकोस, टिपून घे. दिवाळीच्या अभ्यंगाला तेवढा दंड कोरडाच ठेव, आईला मी सांगते. खोबरेल तेल कामाला येतं ते काढताना: कडेला चोळ, थोडं थांब, मग हळूच सोडव. नवा दुसऱ्या दंडावर.

खाज सुटून पुरळ किंवा फोड आले, तर मात्र सोसत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. काहींना गोंदातल्या रसायनांची खरोखरच ॲलर्जी असते. लिब्रेच्या बाबतीत आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे त्याचं एक कारण म्हणून २०१७ साली पुढे आलं.

आणि सेन्सर कितीही घट्ट बसला तरी ग्लुकोमीटर पर्समध्ये असू दे. हात थरथरतोय, घाम फुटलाय आणि फोन म्हणतोय सगळं ठीक, तर फोनवर विसंबू नकोस, बोट टोचून बघ.