भीतीचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील पालम हे तालुक्याचे गाव. भोवती काळी जमीन, कापूस-सोयाबीनची शेते आणि पावसाच्या लहरीवर चालणारे संसार. अशा घरातील मूल बारावीपर्यंत पोहोचले, की साऱ्या कुटुंबाची आशा त्याच्यावर खिळते. आणि कधी कधी तीच आशा त्याला ओझे वाटू लागते.

असाच एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. जानेवारीतील जेईई मेन परीक्षेची उत्तरसूची त्याने ताडून पाहिली आणि मोठ्या अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश मिळण्याइतके गुण पडणार, अशी त्याची खात्री झाली. घरात आनंदीआनंद झाला. परंतु बारावीची लेखी परीक्षा आठ दिवसांवर आली असता एक मित्र म्हणाला, "बारावीला पंचाहत्तर टक्के नाही पडले, तर हे सारे फुकट!" त्या रात्री मुलाचा डोळा लागला नाही. वर्षभर एकाच परीक्षेमागे लागून त्याने रसायनशास्त्राची वही आणि मराठीचे पुस्तक बाजूला ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. "गुरुजी, मिळालेला प्रवेश जाईल का हो?"

गुरुजींनी खोटा धीर दिला नाही. ते म्हणाले, "जाऊ शकतो, बाळ. आयआयटी व एनआयटी या संस्थांच्या प्रवेशास बारावीत पंचाहत्तर टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांस पासष्ट. किंवा आपल्या मंडळात उत्तीर्ण झालेल्यांच्या वरच्या वीस शततमकांत तरी नाव हवे. कोरोनाच्या साथीमुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे ही अट शिथिल होती. २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली. तेव्हा तुझी भीती खोटी नाही. पण ती मोजलीस का?"

मुलगा गप्प राहिला. गुरुजींनी कागद पुढे केला. "या टक्केवारीत पाचच विषय धरतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, अधिक गुणांची एक भाषा, आणि उरलेल्यांपैकी अधिक गुणांचा एक विषय. पाचशेपैकी तीनशे पंचाहत्तर हवेत. पूर्वपरीक्षेतले तुझे गुण मांड."

मुलाने लिहिले: गणित ८८, भौतिकशास्त्र ७६, मराठी ६८, जीवशास्त्र ६४, रसायनशास्त्र ६२. बेरीज आली ३५८.

"सतरा गुण कमी पडतात," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे रात्रभर तुला छळणारा राक्षस सतरा गुणांचा होता!" गुरुजी हसले. "गणितात आता फारसे वाढायचे नाही. परंतु ज्या विषयांकडे तू पाठ फिरवलीस, तेथेच हे सतरा गुण दडले आहेत."

मुलाने भीत भीत विचारले, "आणि तरीही कमी पडले तर?"

"तर दुःख होईल, पण वाट संपणार नाही. उत्तरपत्रिकेची गुणपडताळणी करून घेता येते. राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी वेगळी सीईटी आहे. तेथे ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास पंचेचाळीस व राखीव प्रवर्गास चाळीस टक्के पुरतात. एक दार मिटले, म्हणून घर पडत नाही."

मुलगा घरी परतला. आईने विचारले, "काय म्हणाले रे गुरुजी?" तो म्हणाला, "सतरा गुण कमी आहेत, आई. शोधायला बसतो." आणि कित्येक महिन्यांनी त्याने मराठीचे पुस्तक उघडले.

चिंता अंधारात वाढते. तिला आकड्याच्या उजेडात आणले, म्हणजे ती नाहीशी होत नाही, पण कामाला लागते.

स्वाध्याय
१. गुरुजींनी मुलास खोटा धीर का दिला नाही?
२. 'एक दार मिटले, म्हणून घर पडत नाही' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या मनातील एखादी चिंता कागदावर मांडून तिच्यावरील उपाय लिहा.